जिन्याखालचे गठ्ठे : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय जय भीम आणि नमस्कार.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. त्यात दोन निर्णय होते. अस्पृश्यता निवारणासाठी झटलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या जयंतीचं, २३ एप्रिलला होणारं व्याख्यान प्रतिसादाअभावी यंदापासून बंद करण्यात येत आहे, हा पहिला. जागा अपुरी पडत असल्यानं निर्लेखित, म्हणजे दप्तरातून काढून टाकलेल्या, पुस्तकांची रद्दीच्या भावानं विक्री करायची आहे, इच्छुकांनी दरपत्रकं द्यावीत, हा दुसरा. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. सगळं रीतसर.

मी त्याच संध्याकाळी चौकशीला आले. तुमच्यापैकीच एका सदस्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सौम्य आवाजात म्हणाले, "बाई, खरं सांगू का, शिंद्यांना मानणारा समाज आपल्या गावात नाही. मग कार्यक्रम करायचा तो कुणासाठी?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या वाक्यानं माझी झोप उडवली. हे पत्र त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिते आहे. बंद पाकिटात न देता खुलं लिहिते, कारण वाचनालय सार्वजनिक आहे, आणि हा प्रश्न माझा आणि तुमचा इतकाच नाही.

माझा याच्याशी संबंध काय, ते आधी सांगते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, याच तालुक्यातल्या एका गावच्या महारवाड्यात जन्मले. घरात येसकरपाळी, म्हणजे पाळीनं करायची गावकीची कामं, होती. आबा दहा वर्षांचे असताना, १९२१ साली, त्यांच्या चुलत्यानं त्यांना पुण्याला नेलं. चुलते खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मजूर होते. त्यांनी ऐकलं होतं की नाना पेठेकडं, भोकरवाडीत, आपल्या पोरांना ठेवून घेतात, जेवायला घालतात आणि शिकवतात. ते ठिकाण म्हणजे अहल्याश्रम. शिंद्यांनी उभ्या केलेल्या भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळाचं, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं, पुण्यातलं केंद्र. आबांच्या तोंडी शेवटपर्यंत एकच शब्द होता, "मिशन".

गावच्या शाळेत आबा ओट्याखाली बसायचे. पाटी लांबून उंच धरून दाखवायची, मास्तर लांबूनच बघून मान हलवायचे. अहल्याश्रमात पहिल्याच दिवशी मास्तरांनी पाटी हातात घेतली. आबा सांगायचे, "मला वाटलं, ह्यांना ठाऊक नाही मी कोण ते. पुढं कळलं तर मारतील. म्हणून मीच सांगून टाकलं. मास्तर म्हणाले, ठाऊक आहे रे, हा 'र' नीट काढ." ही गोष्ट त्यांनी आम्हा नातवंडांना किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. दर वेळी "हा र नीट काढ"पाशी ते थांबायचे आणि पाण्याचा घोट घ्यायचे. मी पुढं चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. प्रत्येक पोराची पाटी हातात घेऊन बघितली. ती सवय कुठून आली ते मला चांगलं माहीत आहे.

आबा स्वतः मास्तर होऊन परतले तेव्हा त्यांना आपल्या या वाचनालयात आत येता येत नसे. वर्तमानपत्र वाचायचं तर बाहेरच्या पायरीवर उभं राहून, आतल्या कुणी वाचून झालेला अंक बाहेर दिला तर. तो काळच तसा होता, आणि त्यानंतर या संस्थेनं दारं उघडली, याचा मला आनंद आहे. आज मी इथली आजीव सभासद आहे. पण ती पायरी मी विसरू शकत नाही, आणि या पत्रात तिचा उल्लेख पुन्हा येईल.

आबांनी जुन्या बाजारातून शिंद्यांचं 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हे १९३३ सालचं पुस्तक घेतलं होतं. आबा गेल्यावर, १९७९ साली, माझ्या वडिलांनी ते आपल्या वाचनालयाला दिलं. मी तेव्हा डी.एड. संपवून नोकरी शोधत होते. घरातली एवढी जपलेली वस्तू देऊन का टाकता, असं मी जरा रागानंच विचारलं. वडील म्हणाले, "इथं राहिलं तर ते आपल्या घराचं राहील. तिथं गेलं की गावाचं होईल."

परवा ते पुस्तक मला मागच्या जिन्याखाली दिसलं. सुतळीनं बांधलेले बारा गठ्ठे आहेत तिथं. तिसऱ्या गठ्ठ्यात, वरून दुसरं. आतल्या पानावर दाखल क्रमांक, निळ्या शाईत वडिलांचं नाव, "यांजकडून सप्रेम भेट", आणि त्यावर लाल शाईचा शिक्का : निर्लेखित. त्याच गठ्ठ्यात शिंद्यांच्या 'माझ्या आठवणी व अनुभव'ची प्रत आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात सक्तमजुरीची शिक्षा होऊन शिंदे येरवड्याच्या तुरुंगात होते. वय सत्तावन्न. या आठवणी लिहायला त्यांनी तिथं सुरुवात केली. तुरुंगात सुरू झालेलं पुस्तक तुमच्या जिन्याखाली संपू नये, एवढं मला वाटतं.

देव-घेव विभागातला मुलगा चांगला आहे. तो म्हणाला, "घेऊन जा बाई, तुमचंच तर आहे." मी घेतलं नाही. ते माझं नाही. १९७९ साली ते गावाचं झालं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्लेखनाच्या निकषाबद्दल. पुस्तकं कधीच काढू नयेत असं मी म्हणत नाही. वाळवी लागलेली, पानं गळालेली, नव्या आवृत्तीमुळं निकामी झालेली पुस्तकं काढावीच लागतात, हे मलाही समजतं. पण तुमच्या यादीत या पुस्तकांपुढं कारण लिहिलं आहे, "दहा वर्षांत वाचकांकडून मागणी नाही." ही दोन्ही पुस्तकं पंधरा वर्षांमागं संदर्भ विभागात हलवली होती, आणि संदर्भ विभागातलं पुस्तक घरी द्यायचं नाही हा आपलाच नियम आहे. त्यातून ते कपाट कुलूपबंद. किल्ली ग्रंथपालांकडं, आणि ग्रंथपालांची जागा मधली काही वर्षं रिकामीच होती. मग देव-घेव नोंदवहीत त्यांची नोंद सापडणार कशी? जे पुस्तक घरी नेताच येत नव्हतं, ते कुणी नेलं नाही म्हणून तुम्ही काढून टाकता आहात. कुठल्याही शाळकरी मुलाला यातली चूक दाखवता येईल.

शिवाय यादी फलकावर लावलीच नाही. भेट दिलेल्या पुस्तकांबाबत देणाऱ्याच्या कुटुंबाला विचारण्याचं सौजन्य तरी हवं होतं. वडील हयात नाहीत, पण मी इथून चार गल्ल्या पलीकडं राहते.

दुसरी तक्रार "प्रतिसादाअभावी" या शब्दाबद्दल. मागच्या वर्षी व्याख्यानाला एकोणीस माणसं होती. मी मोजली होती, कारण मला वाईट वाटत होतं. ते खरंच आहे, मी नाकारत नाही. पण एप्रिलच्या उन्हात दुपारी तीनला, पत्र्याच्या सभागृहात, दोन दिवस आधी फलकावर खडूनं लिहून तुम्ही कार्यक्रम ठेवलात. पूर्वी तो संध्याकाळी साडेसहाला असायचा. आणि हेही मान्य करू या की कित्येक वर्षं वक्ते तेच चरित्र तसंच सांगत राहिले : जन्म जमखंडीला, विलायतेला गेले, मिशन काढलं, २ जानेवारी १९४४ ला वारले. शेवटी शाल, श्रीफळ, आभार. कंटाळवाणी व्याख्यानं ठेवली ही आपली सगळ्यांची चूक, त्यात मीही आले, मी दोन वर्षं व्याख्यान समितीत होते. त्याची शिक्षा शिंद्यांना कशासाठी?

कारण हेच व्याख्यान एकेकाळी कसं रंगायचं ते मी पाहिलं आहे. १९७३ साली त्यांच्या जन्मशताब्दीला ते सुरू झालं. मी पंधरा वर्षांची होते, वडिलांबरोबर आले होते. वक्त्यांनी त्या दिवशी १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेची हकीकत सांगितली. सयाजीराव गायकवाड अध्यक्ष. शिंद्यांनी खटपट करून लोकमान्य टिळकांना व्यासपीठावर आणलं. अस्पृश्यता देवाला मान्य असेल तर अशा देवाला मी देव मानणार नाही, अशा अर्थाचं टिळक तिथं बोलले, आणि टाळ्यांनी मंडप दणाणला. पण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, या जाहीरनाम्यावर सहीची वेळ आली तेव्हा त्यांनी सही केली नाही. वक्ते एवढं बोलले मात्र, सभागृहात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, टिळकांची बदनामी करता. कुणी म्हणालं, खरं ते सांगायलाच हवं. आपले तेव्हाचे अध्यक्ष, वयानं ऐंशीच्या घरातले, काठी टेकत उठले आणि म्हणाले की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, भाषणही आणि न झालेली सहीही, आणि आपल्याला दोन्ही ठाऊक असायला हव्यात. दिवे मालवायची वेळ टळून गेली तरी लोक अंगणात उभे राहून वाद घालत होते. मी ती रात्र विसरले नाही. एखादी गोष्ट एकाच वेळी थोरही असते आणि अपुरीही, हे मी तिथं शिकले.

२०१४ च्या व्याख्यानाची आठवण तुमच्यापैकी काहींना असेल. आदल्या ऑगस्टमध्ये, २० तारखेला, आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली होती. सगळ्या बातम्यांत "ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर" असं येत होतं. त्या पुलाचं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. त्या वर्षीच्या वक्त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, त्या पुलाचं नाव कुणाला माहीत आहे? भरलेल्या सभागृहात तीन हात वर झाले. माझा त्यात नव्हता. मी इतकी वर्षं शिंद्यांचं नाव घेणारी, त्या पुलावरून कितीदा गेलेली, आणि मला ते नाव ठाऊक नव्हतं. पुलाला नाव देऊन माणूस लक्षात राहत नाही. त्याचं लिहिलेलं कुणीतरी वाचावं लागतं. म्हणून तर मी जिन्याखालच्या त्या दोन पुस्तकांसाठी एवढी अडून बसले आहे.

आता तिसरी तक्रार, आणि माझ्या दृष्टीनं तीच मुख्य. "त्यांना मानणारा समाज गावात नाही."

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला. तुम्ही म्हणता ते एका अर्थी खरं आहे. आज जयंत्या कशा होतात ते आपण बघतोच. प्रत्येक महापुरुषामागं एकेक समाज उभा आहे. वर्गणी तो काढतो, फलक तो लावतो, मिरवणूक तो नेतो, आणि वाचनालयाकडं हक्कानं सभागृह मागायलाही तोच येतो. शिंद्यांसाठी असं कुणी येत नाही. पण का येत नाही?

ते जन्मानं मराठा. वडील रामजीबाबा वारकरी, घरात पंढरीची भक्ती. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीच्या आधारावर ते फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली बी.ए. झाले. पुढं वकिली करून सुखानं राहता आलं असतं. ते प्रार्थना समाजात गेले. १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. एवढं शिकून आलेला हा माणूस मुंबईत परळला १८ ऑक्टोबर १९०६ या दिवशी अस्पृश्य मुलांची शाळा उघडून बसला. पुढं पुण्यात तर आपल्या कुटुंबासह अस्पृश्यांच्या वस्तीत राहिला. त्या काळच्या मराठा घरांना ही सोयरीक झेपणारी नव्हती. ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती तेव्हा जातीच्या द्वेषावर राजकारण उभं करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्या पक्षालाही ते आपले वाटले नाहीत. सनातन्यांच्या लेखी ते धर्म बुडवणारे. प्रार्थना समाजातल्या सुखवस्तू मंडळींशीही पटलं नाही, १९१० मध्ये तिथल्या प्रचारकाच्या जागेवरून ते दूर झाले. काँग्रेसमध्ये राहून १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव यावा म्हणून त्यांनी धडपड केली, तो झाला, पण काँग्रेसच्या इतिहासातही त्यांचं नाव शोधावं लागतं.

आणि आम्ही? आमचं घर बौद्ध आहे. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तीच राहील. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर शिंद्यांनी बाबासाहेबांच्या विरुद्ध भूमिका घेतली, ती मला चुकीची वाटते. मिशनचा कारभार आमच्या लोकांच्या हाती यावा ही मागणी पुढं आली आणि ती रास्त होती. दुसऱ्यानं हात धरून चालवायचं, याला मर्यादा असतेच. १९२३ साली शिंदे मिशनमधून बाजूला झाले. त्यानंतरची लढाई बाबासाहेबांनी आमच्याच माणसांना घेऊन लढली, आणि आज मी हे पत्र ताठ मानेनं लिहिते आहे ते त्या लढाईमुळं. यात माझ्या मनात काडीचा संदेह नाही. आबांच्याही नव्हता. पण आबा म्हणायचे, "ज्यानं पाटी हातात घेतली त्याचं देणं निराळं, ज्यानं पाठीला कणा दिला त्याचं निराळं. एक फेडलं म्हणून दुसरं फिटत नाही."

असा हा माणूस. प्रत्येक समाजाशी त्याचं कुठंतरी बिनसलं, कारण एका समाजापुरतं राहणं त्याला जमलं नाही. त्याला मानणारा समाज नाही म्हणून तुम्ही त्याचा दिवस बंद करता आहात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्याच्यासाठी कुठलीच जात सभागृह मागायला येत नाही, त्याच्यासाठी ते उघडणं हे सार्वजनिक वाचनालयाचंच काम आहे. आपल्याला १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आहे, सरकारचं अनुदान येतं, पाटीवर "सार्वजनिक" असं लिहिलं आहे. आपणही समाज मोजून कार्यक्रम ठरवायला लागलो, तर मग अशा माणसांनी जायचं कुठं?

आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनाही सांगायला हवं की लहान जमिनींच्या विधेयकाविरुद्ध १९२८ साली पुण्यात शेतकऱ्यांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष शिंदे होते. आपल्या शाळांतल्या मुलींना जनाक्का सांगायला हवी. शिंद्यांची ही बहीण. लहानपणी लग्न झालं, सासरी छळ झाला, माघारी आली. भावानं तिला पुण्यात आणून शिकवलं, आणि तिनं पुढचं आयुष्य मिशनच्या कामात घातलं. १९२० साली पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला. पैसे पुरायचे नाहीत, सक्ती आधी मुलांनाच करू, मुलींचं पुढं बघू, असं म्हणणारे मोठमोठे पुढारी होते. शिंदे मुलींच्या बाजूनं उभे राहिले. जनाक्काचा भाऊ दुसरीकडं कुठं उभा राहणार होता? माझ्या वर्गात दर वर्षी एखादी तरी मुलगी असायची जिचं "पुढं बघू" व्हायच्या बेतात असे. तिच्या आईबापांना समजवायला जाताना मी ही गोष्ट सांगत असे. काही मुली थांबल्या शाळेत. सगळ्या नाही.

आणि त्या १९३३ च्या पुस्तकाबद्दल थोडं. ते दयेनं लिहिलेलं नाही. शिंदे गावोगाव हिंडले, मलबारात गेले, ब्रह्मदेशात गेले, तिथले बहिष्कृत कोण आणि का, हे बघितलं. कानडी त्यांना लहानपणापासून येत होती, भाषांचा नाद होता. जातींची नावं कुठून आली ते शब्द उलगडून शोधत गेले. त्यांचे काही निष्कर्ष आज टिकणार नाहीत. पण अस्पृश्यता ही देवानं घडवलेली नाही, माणसांनी घडवलेली आहे, तिला इतिहास आहे, म्हणून तिला शेवटही असू शकतो, हे मराठीत इतक्या मेहनतीनं तोवर फार थोड्यांनी मांडलं होतं. आबांच्या प्रतीत समासात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा आहेत. एके ठिकाणी नुसतं "होय" लिहिलं आहे. दुसरीकडं "नाही, हे पटत नाही". आमच्या घरात एका महार मास्तरानं ऑक्सफर्डला शिकून आलेल्या माणसाशी समासात वाद घातला, त्याचा तो पुरावा आहे. तो सुतळीत बांधलेला आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

त्या बारा गठ्ठ्यांची विक्री आजच थांबवा. दरपत्रकं आली असली तरी उघडू नका. निर्लेखनाची पूर्ण यादी दाखल क्रमांकासह फलकावर एक महिना लावा, सभासदांच्या हरकती घ्या, आणि संदर्भ विभागातल्या पुस्तकांना देव-घेवीचा निकष लावू नका. भेट आलेलं पुस्तक काढायचं झालं तर देणाऱ्याच्या घरी एक पोस्टकार्ड टाका.

शिंद्यांची पुस्तकं परत दाखल करून घ्या आणि कुलपाबाहेर, वाचनकक्षातल्या उघड्या फडताळावर ठेवा. जुनी प्रत नाजूक आहे, ती हाताळून फाटेल अशी काळजी असेल तर ती स्कॅन करून घ्या. शिंद्यांना जाऊन ऐंशी वर्षं उलटली, १९३३ च्या या पुस्तकावर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही, त्यामुळं कुणाच्या परवानगीची अडचण येणार नाही. स्कॅनिंगचा आणि बांधणीचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. देणगी म्हणून माझं नाव लावू नका. वडिलांचं आहे, ते पुरे.

२३ एप्रिल परत सुरू करा, संध्याकाळच्या वेळी. त्या दिवशी जागतिक पुस्तक दिन करायचा असला तरी, तो आणि शिंद्यांचा जन्मदिवस एकाच तारखेला येतात, तेव्हा एक काढून दुसरा घालायची गरज नाही. व्याख्यानाऐवजी वाचन ठेवा. 'माझ्या आठवणी व अनुभव'मधली जमखंडीच्या लहानपणाची पानं आठवी-नववीची मुलंमुली उत्तम वाचतील. त्यांना तयार करायचं काम माझं. शाळांशी मी बोलले आहे, दोन शाळांच्या मुख्याध्यापिका तयार आहेत.

आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. निर्णय मंडळाचा असला तरी सभासदांना बोलू द्या. ज्यांना व्याख्यान बंदच व्हावं असं वाटतं त्यांनीही उभं राहून बोलावं. मी ऐकेन.

मंडळातल्या कुणाबद्दल माझ्या मनात राग नाही. तुमच्यापैकी दोघं माझे विद्यार्थी आहेत, त्यांच्या पाट्या मी हातात घेतलेल्या आहेत. पगार न घेता, घरची कामं सोडून तुम्ही हे वाचनालय चालवता, गळकं छप्पर दुरुस्त करून घेता, हे मी बघते. म्हणूनच हे तुम्हाला लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग नाही.

या पत्राचं उत्तर मला १५ एप्रिलपर्यंत मिळावं. नाही मिळालं तरी २३ एप्रिलला संध्याकाळी साडेसहा वाजता मी वाचनालयाच्या बाहेरच्या पायरीवर येऊन बसेन, जिथं आबा उभं राहून वर्तमानपत्र वाचायचे, आणि 'माझ्या आठवणी व अनुभव' पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागेन. आठ मुली माझ्याबरोबर असतील. दार उघडं असलं तर आत येऊन वाचू.

आपली,
एक आजीव सभासद, निवृत्त शिक्षिका